ओळखीचं झाड भिंतीवर: पानाफुलांच्या नक्षीने घर कसं सजवावं

सणासुदीच्या आधी पडद्यांच्या दुकानात गेलं की एकच पान सगळीकडे दिसतं. कडेने कातरलेलं, मधे भोकं असलेलं, सुपाएवढं. मॉन्स्टेराचं. उशीवर तेच, पडद्यावर तेच, टेबलाच्या मॅटवरही तेच. हा वेल मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांमधला. पान देखणं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरात आणल्यावर सहा महिन्यांनी त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

माझ्या आईच्या घरी बाहेरच्या खोलीत अनेक वर्षं एक छोटी चौकट टांगलेली होती. तिच्यात वहीत ठेवून जाळी झालेलं एक पिंपळपान होतं, बाकी काही नाही. येणारा प्रत्येक जण त्या चौकटीपाशी थांबायचा आणि "आम्ही पण ठेवायचो पुस्तकात" अशी सुरुवात करून दहा मिनिटं बोलायचा. त्या पानाने मला जे शिकवलं ते या लेखात सांगते आहे. पानाफुलांची नक्षी घरात टिकते ती ओळखीमुळे. म्हणून माझा क्रम आधी झाड, मग रंग, मग नक्षीचा आकार असा असतो आणि दुकान सगळ्यात शेवटी येतं.

आपल्याकडची जुनी घरं याच क्रमाने सजली आहेत. पुण्यातल्या विश्रामबाग वाड्यातले लाकडी खांब सुरूच्या झाडाच्या घाटाचे आहेत आणि छताच्या कोरीव कामात केळफूल आहे. पैठणीवर आसावली म्हणजे फुलांची वेल चढते. दारावर आंब्याच्या पानांचं तोरण असतं. कारागिराने जे रोज पाहिलं तेच लाकडात आणि रेशमात उतरलं.

आधी झाड ठरवा

एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि प्रत्येकाला एकेका झाडाचं नाव लिहायला सांगा. मनात राहिलेलं झाड, कुठलंही. आजोबा गावच्या अंगणातला पारिजातक लिहितील, मुलगी शाळेच्या फाटकापाशी असलेला गुलमोहर लिहील, कुणी शेवगा लिहील. गुलमोहर खरं तर मादागास्करचा, पण मे महिन्यात त्याच्या पायाशी पडलेला लाल सडा तुडवत जे मोठे झाले त्यांना तो परका नाही. झाड कुठून आलं हे महत्त्वाचं नाही, ते तुमच्या माणसांच्या ओळखीचं आहे का एवढंच पाहायचं.

मग त्या यादीतून प्रत्येक खोलीसाठी एक मुख्य झाड निवडा, फार तर एक सोबती. निवडताना झाडाचा स्वभाव बघा. जाई, गोकर्ण, कृष्णकमळ या वेली. त्यांची नक्षी पट्ट्यात शोभते, म्हणजे दाराभोवती, पडद्याच्या काठावर, चादरीच्या किनारीला. अबोली, मोगरा, तगर ही छोटी फुलं बुट्टीसाठी, म्हणजे सुट्या छोट्या नक्षीसाठी चांगली. केळ, अळू, फणस यांची पानं मोठी, ती एकेकटी आणि मोकळ्या जागेत हवीत. शेवगा, लाजाळू, नेचे यांची बारीक पानं वाळवून चौकटीत सुरेख दिसतात. अळूचं पान उशीवर दहा वेळा छापलं तर गर्दी होते. तेच एक पान मोठ्या कागदावर एकटं असेल तर खोलीभर पुरतं.

रंगाची नावं झाडांनीच दिली आहेत

मराठीत रंगांची नावं म्हणा बघू: अबोली, डाळिंबी, जांभळा, नारिंगी, वांगी, केशरी, हळदी, लिंबू, सोनचाफी, मोतिया, आमसुली. निम्मी यादी बागेतली आणि निम्मी स्वयंपाकघरातली. साड्यांच्या दुकानात हे शब्द अजून ऐकू येतात, भिंतीच्या रंगाच्या दुकानात मात्र आपण आकड्यांची पट्टी हातात घेतो आणि गोंधळतो. मला यावर एक साधा उपाय सापडला आहे. ठरवलेल्या झाडाची एक ताजी फांदी आणा आणि पांढऱ्या कागदावर ठेवा. तिच्यातले तीन रंग शोधा: एक सगळ्यात जास्त असलेला, एक थोडा, एक अगदी कणभर.

पारिजातकाची फांदी घ्या. पान खरखरीत, मळकट हिरवं. फूल पांढरं. देठ केशरी, आणि तो इतकासाच. खोलीचे रंगही याच मापाने घ्यायचे. भिंती पांढऱ्या किंवा मोतिया, कापडात मातकट हिरवा, आणि केशरी फक्त एका उशीला किंवा दिव्याच्या शेडला. केशरी भिंत केली की पारिजातक गेला. अबोलीचं उलट: फुलाचा रंग मवाळ असल्यामुळे भिंतीवरसुद्धा चालतो आणि गडद हिरवा काठापुरता पुरतो.

हिरव्या रंगाबाबत जपा. पोपटी, शेवाळी, मेंदी, मोरपंखी हे सगळे हिरवे एका खोलीत भांडतात. नक्षीत जो हिरवा आहे, त्याच जातीचा हिरवा बाकीच्या सामानात घ्या. नमुना नेहमी घरी आणून रात्रीच्या दिव्यातही बघा. पांढऱ्या प्रकाशाच्या ६५०० केल्विनच्या ट्यूबखाली हिरवा निळसर आणि थंड दिसतो, ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तोच उबदार होतो. दुकानात दुपारी पसंत केलेला पडदा घरी रात्री वेगळाच वाटतो, त्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

भिंतीची तब्येत

चौकटी, कागद, रंग, काही लावण्याआधी भिंत कोरडी आहे का ते तपासा. स्वयंपाकाच्या ॲल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर हवा दमट आहे, खोलीत वारा खेळायला हवा.

हे मी शिकले ते नुकसान झाल्यावर. ठाण्याच्या भाड्याच्या घरात पश्चिमेच्या भिंतीवर मी एप्रिलमध्ये सहा चौकटी लावल्या. ऑगस्टमध्ये त्यातल्या चारांच्या माउंटवर, म्हणजे काचेआड चित्राभोवती असलेल्या जाड कागदाच्या कडेवर, करडे ठिपके उमटले, दोन पानं काळी पडली. कोकणपट्टीत आणि मुंबईच्या आसपास पावसाचा मारा बहुतेक नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. तिथल्या बाहेरच्या भिंतीवर कागदाचं काहीही टांगू नका. आतली, दोन खोल्यांमधली भिंत निवडा.

जुनी वनस्पतिचित्रं मिळवून छापणं

दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची वनस्पतिचित्रं आता कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर जुन्या ग्रंथांची पानंच्या पानं स्कॅन करून ठेवलेली आहेत. आपल्या झाडांसाठी मी दोन ग्रंथ आधी उघडते.

पहिला 'हॉर्टस मलबारिकस'. डच अधिकारी हेंड्रिक व्हान र्‍हीडे याने कोचीत असताना करून घेतलेला, ॲमस्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत छापलेला. चित्रं केरळच्या झाडांची, पण त्यात नारळ, फणस, केळ, सुपारी असं आपल्या कोकणातलं सगळं गोत आहे. या कामात इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्यांबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट हे कोकणी वैद्यही होते. त्यांचं नागरी लिपीतलं कोकणी निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे आणि चित्रांवर झाडांची नावं नागरीतही आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी कोरलेल्या चित्रावर आपल्या लिपीतलं अक्षर पाहताना मला दरवेळी भरून येतं. गोव्याच्या किंवा सिंधुदुर्गातल्या घरात लावायला याहून योग्य चित्र मला सुचत नाही.

दुसरा विल्यम रॉक्सबर्गचा कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींचा ग्रंथ, तीन खंड, १७९५ ते १८२०. त्याची चित्रं भारतीय चित्रकारांनी काढली आणि ती रंगीत आहेत. त्यातला पळस बघाच.

आणखी एका संग्रहाचा उल्लेख करायलाच हवा, कारण तो पुण्याचा आहे. दापोडीला, तेव्हाच्या दापुरीला, मुंबई इलाख्याच्या सरकारची वनस्पती बाग होती. तिचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात तिथल्या झाडांची सुमारे १७० चित्रं काढून घेतली. आज ती एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रकाराचं नाव कुठेच नोंदलेलं नाही. ही चित्रं वापरायची तर आधी त्या संस्थेच्या अटी वाचा.

छापायला देताना पुढचं ध्यानात ठेवा. ए४ कागदावर स्वच्छ छपाईसाठी चित्र निदान २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचं हवं, ए३साठी ३५०८ गुणिले ४९६१. मोबाइलवर आलेली छोटी प्रत मोठी करून छापली की शिरा पुसट होतात, आणि वनस्पतिचित्रात शिराच तर बघायच्या असतात. कागद चकचकीत नको. मॅट, किंचित पिवळट, जाडसर, म्हणजे २०० ते २५० जीएसएमचा घ्या. दुकानातल्या माणसाला आधीच सांगा की चित्र 'ऑटो करेक्ट' करू नका. तसं केलं की जुन्या कागदाचा बदामी रंग जाऊन पांढराफटक होतो आणि चित्र कालच्या कॅलेंडरसारखं दिसतं. आधी एकच प्रत काढा, घरी भिंतीशी धरून बघा, मग बाकीच्या.

पानं वाळवणं: हे सावकाश करा

या सगळ्या कामात मला सर्वात प्रिय भाग हा. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातला ब्लॅटर हर्बेरियम किंवा पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा संग्रह, तिथे नमुने वाळवण्याची जी पद्धत आहे तीच घरी थोड्या फेरफाराने करता येते.

सामान: बारा बाय अठरा इंचांचे प्लायचे दोन तुकडे, त्याच मापाचे खोक्याच्या पुठ्ठ्याचे आठ-दहा तुकडे, वर्तमानपत्राची रद्दी, टिपकागद किंवा कोरा शोषणारा कागद, आणि आवळायला दोन जुने पट्टे.

पानं सकाळी दहानंतर तोडा, दव सुकल्यावर. पावसात भिजलेली आणू नका. जाड, रसरशीत गोष्टी टाळा. कोरफड वाळत नाही, पांढरा चाफा तपकिरी पडतो, जास्वंदीचा चिकट रस कागद धरून ठेवतो आणि पाकळी फाटते. नेचे, शेवगा, लाजाळू, दूर्वा, आघाडा, गोकर्ण, शंकासुराच्या पाकळ्या, माळावरचं कुठलंही गवत हे सगळं छान वाळतं. आपल्या अंगणातलं, सोसायटीतलं, शेताच्या बांधावरचं घ्या. कास पठारावरून एक पाकळीही आणू नका. पश्चिम घाटाचा भाग म्हणून ते २०१२पासून जागतिक वारसा स्थळ आहे आणि तिथे फुलं तोडायला बंदी आहे.

आता मांडणी. प्लाय, त्यावर पुठ्ठा, त्यावर चार-पाच वर्तमानपत्रं, मग टिपकागद. छपाईची शाई फांदीला लागू नये म्हणून फांदी टिपकागदावरच ठेवायची. ठेवताना घाई करू नका, ती ज्या आकारात ठेवाल त्याच आकारात राहणार आहे. एकावर एक आलेली पानं चिमट्याने सोडवा, जास्तीची कात्रीने काढा, पण देठ थोडा राहू द्या म्हणजे तिथे पान होतं हे कळतं. एक पान मुद्दाम उलटं ठेवा. वनस्पतिशास्त्राच्या नमुन्यात पानाची मागची बाजू दिसावी म्हणून हे करतात, आणि चौकटीतही त्या एका फिकट पानाने जिवंतपणा येतो. मग पुन्हा टिपकागद, वर्तमानपत्रं, पुठ्ठा. असे थर झाल्यावर वर दुसरा प्लाय ठेवून पट्टे आवळा.

पहिले चार दिवस वर्तमानपत्रं रोज बदला. दुसऱ्या दिवशी उघडाल तेव्हा फांदी मऊ पडलेली असते. दुमडलेलं पान सरळ करण्याची ती शेवटची संधी, त्यानंतर ते कडक होतं. पाचव्या दिवसापासून एक दिवसाआड बदललं तरी चालतं. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात साधारण दहा दिवस लागतात, पावसाळ्यात दोन ते तीन आठवडे. वाळलं की नाही हे कळायला ते गालाला लावून बघा. आत ओल असेल तर थंड लागतं.

वाळलेला नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे किडे आणि त्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर लगेच पिशवी उघडू नका, तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर वाळलेल्या पानावर पाणी धरतं.

चिकटवायला सेलोटेप कधीच नको, वर्षभरात पिवळी पडते. कागदाच्या दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा, देठावरून आडव्या घ्या आणि पट्टीच्या दोन टोकांना पातळ केलेला पांढरा डिंक लावा. पान स्वतः मोकळं राहतं, हवेनुसार थोडं हललं तरी तडकत नाही.

पिंपळाची जाळी हवी असेल तर पुस्तकात ठेवून नशिबावर सोडू नका. जून झालेलं पान तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, पाणी अधूनमधून बदला. वास येतो, तेव्हा गॅलरीत ठेवलेलं बरं. हिरवा गर बुळबुळीत झाला की पान ताटलीत पाण्याखाली धरून जुन्या मऊ टूथब्रशने थोपटा, घासू नका. गर निघून जातो आणि शिरा उरतात.

चौकट करून टांगणं

चौकट करताना माउंट लावून घ्याच. तो शोभेसाठी तर आहेच, पण काच आणि पान यांच्यात अंतर ठेवणं हे त्याचं खरं काम आहे. काचेला टेकलेल्या पानावर दमट हवेत बुरशी धरते. माउंट आम्लमुक्त कागदाचा मागा. मागची बाजू कागदी पट्टीने पूर्ण बंद करा, नाहीतर कसर आत शिरते. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे छोटे गोळे लावा, म्हणजे भिंत आणि चौकट यांच्यामधून हवा जाते.

टांगण्याची उंची ठरवताना लोक जमिनीपासून चित्राच्या मध्यापर्यंत ५७ ते ६० इंच धरतात. उभं राहून बघायचं असेल तर ते बरोबर. आपल्याकडे बैठकीवर, दिवाणावर किंवा पाटावर बसून बोलणं जास्त, तिथे सहा-आठ इंच खाली घ्या. सोफ्याच्या पाठीपासून चौकटीची खालची कड सहा ते आठ इंचांवर असू द्या, त्याहून वर गेली की ती छताची वाटायला लागते.

जास्त चौकटी असतील तर आधी प्रत्येकीच्या मापाचं वर्तमानपत्र कापून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. येता-जाता चूक दिसते. मगच ड्रिल. भिंतीला जुना डिस्टेंपर असेल तर चिकटणाऱ्या हुकांवर विसंबू नका, रंगाच्या पोपड्यासकट खाली येतात. दुपारचं ऊन थेट पडतं तिथे वाळलेली पानं आणि छापील चित्रं दोन्हींचा रंग उडतो. गोकर्णाची निळाई तर फारच लवकर जाते.

कापड: बुट्टी, बुट्टा, जाळ

ठशांच्या कापडात नक्षीच्या मापाला शब्द आहेत आणि ते वापरले की दुकानदारही नीट दाखवतो. बुट्टी म्हणजे सुटी, छोटी नक्षी. बुट्टा म्हणजे मोठं, पूर्ण रोपटं किंवा फूल. जाळ म्हणजे सगळीकडे पसरलेली, एकमेकांत गुंतलेली वेल. आठ-दहा फुटांवरून बघितलं की बुट्टीचा निव्वळ रंग होतो, बुट्ट्याचं चित्र राहतं आणि जाळ भिंतीसारखी पसरते. एका खोलीत यातलं प्रत्येकी एकच घ्या आणि मधे साधं कापड भरपूर असू द्या. शंका आली तर खोलीचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. सगळं एकाच करड्या रंगात मिसळलेलं दिसलं तर नक्षी जास्त झाली आहे.

जयपूरजवळच्या सांगानेरचं कापड पांढऱ्या जमिनीवर नाजूक फुलांचं, ते छोट्या आणि अंधाऱ्या खोलीला उजळ करतं. तिथल्याच बगरू गावचं मातकट, काळ्या-लाल रंगांचं. मछलीपट्टणमच्या कलमकारीत वेली आणि मोठी झाडं असतात, ती दिवाणाला किंवा एका भिंतीवर टांगायला उत्तम. अशाच छापील, चितारलेल्या भारतीय कापडाने एके काळी युरोपाला वेड लावलं होतं. आपला छींट हा शब्द इंग्रजीत चिंट्झ झाला, आणि स्वतःच्या देशातल्या विणकरांचा धंदा वाचवायला फ्रान्सने १६८६ ते १७५९ या काळात छापील सुती कापडावर बंदी घातली होती.

पडद्याचा हिशेब करूनच कापड घ्या. खिडकी पाच फूट रुंद, पडदा सात फूट उंच असं धरू. चुण्या नीट पडायला रुंदीच्या दुप्पट कापड लागतं, म्हणजे १२० इंच. ठशांच्या कापडाचा पन्हा बहुतेक ४४ इंच, तेव्हा तीन पट्टे. उंची ८४ इंच आणि वरखाली दुमडायला १० धरून प्रत्येक पट्टा ९४ इंच. तिन्ही मिळून २८२ इंच, म्हणजे सव्वासात मीटरांच्या आत. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, ते धरून आठ मीटर घ्या आणि शिवायच्या आधी धुवा. रंग सुटतो का हे बघायला पांढरा ओला रुमाल कापडावर घासा. सुटत असेल तर पहिली दोन-तीन धुणी वेगळी, थंड पाण्यात, आणि वाळवणं सावलीत, उलटं करून.

शिवायला देताना बुट्ट्याचं तोंड वर कुठे आहे ते प्रत्येक पट्ट्यावर खडूने बाण काढून दाखवा. माझ्या एका पडद्याचा मधला पट्टा उलटा शिवून आला होता. दोन पट्ट्यांत रोपं वर जात होती आणि मधल्यात खाली लोंबत होती. कापड कापलेलं असल्यामुळे काही करता आलं नाही. तेव्हापासून मी बाणाशिवाय कापड देत नाही.

शाळेतलं ठसेकाम पुन्हा काढा

भेंडीचा आडवा काप रंगात बुडवून वहीवर फूल उठवलेलं ज्यांना आठवतं त्यांना हे शिकवावं लागणार नाही. साध्या पांढऱ्या किंवा मोतिया सुती अभ्र्यावर पानांचे ठसे मुलांकडूनही होतात.

अभ्रा धुऊन, खळ काढून, इस्त्री करून घ्या आणि आत पुठ्ठा सरकवा, म्हणजे रंग पाठीमागे जात नाही. शिरा उठून दिसणारं, थोडं जून पान घ्या: पेरू, फणस, बदाम. कापडावर वापरायचा रंग स्पंजाने पानाच्या मागच्या बाजूला अगदी पातळ थापा, कारण शिरांचा उठाव तिकडे असतो. रंग जाड झाला की शिरा बुजतात. पान कापडावर ठेवा, वर कोरा कागद, आणि तळव्याने देठापासून टोकाकडे दाबत जा. देठ धरून पान एका झटक्यात उचला. पहिला ठसा नेहमी ओला येतो, तो रद्दी कापडावर घ्या. एक दिवस वाळू द्या, मग उलट्या बाजूने, डब्यावर लिहिलेल्या सूचनेप्रमाणे इस्त्री फिरवून रंग पक्का करा.

भिंतीवर वेल हवी असेल तर स्टेन्सिल करा. पारदर्शक जाड प्लॅस्टिकवर वेलीचा एक फूट लांबीचा तुकडा काढून धारदार कटरने कापा, आणि डाव्या कडेची वेल उजव्या कडेला नेमकी जुळते हे कागदावर तपासा. भिंतीवर पेन्सिलने फिकट रेघ ओढून ती लेव्हलने सरळ करून घ्या. फरशीवरून मोजू नका, जुन्या घरांत फरशीला उतार असतो. सुरुवात दाराच्या वर मध्यावर करा आणि दोन्हीकडे जा, म्हणजे अर्धवट राहिलेली वेल कोपऱ्यात जाते, डोळ्यांसमोर येत नाही. स्पंज रंगात बुडवून आधी रद्दीवर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपा, मगच भिंतीवर टेकवा. स्टेन्सिलखाली रंग झिरपतो तो स्पंज ओला असल्यामुळेच.

वॉलपेपरबद्दल थोडक्यातच सांगते, कारण दमट भागात मी तो सुचवत नाही. कोरड्या गावात, आतल्या एका भिंतीला लावायचा तर रोलवर नक्षीचं आवर्तन, म्हणजे तीच नक्षी पुन्हा सुरू होण्याचं अंतर, किती सेंटिमीटरचं आहे ते वाचा. बाजारात मिळणारा नेहमीचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि दहा मीटर लांब असतो. भिंत २९० सेंटिमीटर उंच आणि आवर्तन ६४ असेल तर नक्षी जुळण्यासाठी प्रत्येक पट्टा पाच आवर्तनांचा, म्हणजे ३२०चा कापावा लागतो आणि एका रोलमधून तीनच पट्टे निघतात. दहा फूट रुंद भिंतीला सहा पट्टे, म्हणजे दोन रोल.

स्वयंपाकघरात ओट्याच्या आसपास कागद किंवा कापड नको, फोडणीचा तेलकट थर दोन महिन्यांत बसतो. तिथे फुलापानांच्या टाइल्सची एक ओळ पुरे.

आणि प्रत्येक चौकट बंद करण्याआधी आतल्या कागदाच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा: झाडाचं नाव, जागा, तारीख, कुणी तोडलं. पेनाची शाई ओलीत पसरते, पेन्सिल राहते. आईच्या पिंपळपानाची काच मागच्या वर्षी तडकली म्हणून मी ती चौकट उघडली. पाठीमागे तिच्या अक्षरात एकच ओळ होती: "विठ्ठलमंदिराचा पार. अकरावीची परीक्षा संपली त्या दिवशी." नवी काच बसवताना मी तो कागद तसाच आत ठेवला.